पाहुण्याचा धर्म

आपल्या धर्मग्रंथांनी यजमानाला जितका उपदेश केला आहे, तितका पाहुण्याला केलेला नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत घरी परतणाऱ्या शिष्याला गुरू अतिथीस देवाच्या ठायी मानण्याची आज्ञा करतो. गृह्यसूत्रे अतिथीला पाय धुण्यास पाणी, बसावयास आसन आणि मधुपर्क कसा द्यावा हे सविस्तर सांगतात. पंचमहायज्ञांत अतिथिसत्काराला स्वतंत्र स्थान आहे. परंतु ज्याला देव मानावयाचे त्याने परक्याच्या घरी कसे वागावे, याविषयी त्या मानाने फार थोडे सांगितलेले आढळते. याचे कारण उघड आहे. पूर्वी मनुष्य जन्मभर यजमान असे आणि क्वचितच पाहुणा होई. आज स्थिती पालटली आहे. घराचे दार उघडून कोणाची वाट पाहण्यापेक्षा दुसऱ्याचे दार ठोठावण्याचे प्रसंगच आपल्या वाट्यास अधिक येतात. म्हणून पाहुण्याच्या धर्माचा विचार आता यजमानाच्या धर्माइतकाच बारकाईने करावयास हवा, असे आम्हांस वाटते.

हा विचार आम्ही वडोदऱ्याजवळच्या वाघोडियात बसून करीत आहोत, ही गोष्टही अगदीच अप्रस्तुत नाही. या भागात ज्याच्या नात्यातले किंवा स्नेहातले कोणी परदेशी नाही असे घर शोधावेच लागेल. तिकडचा स्नेही आग्रहाने बोलावतो. चार दिवस आपले गाव दाखवतो आणि मग मोटारीत तंबू, शिधा व पांघरुणे घालून आपल्याला दूरच्या डोंगरांत घेऊन जातो. तेथे दुकान नसते, दिवा नसतो, दूरध्वनी चालत नाही. पूर्वी अशी वस्ती तपस्व्यांच्या किंवा गुराख्यांच्या नशिबी असे. आज सेवानिवृत्त गृहस्थ आणि त्यांची पत्नी हौसेने दोन रात्री अशा ठिकाणी काढून येतात. अशा प्रवासात एकच मनुष्य दोनदा पाहुणा होतो : एकदा मित्राच्या घरी, आणि एकदा डोंगराच्या घरी. या दोन्ही घरांविषयी त्याचे कर्तव्य काय, हा प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

आपल्या समाजाने परदेशगमनाचा प्रश्न एकदा फार तीव्रतेने चर्चिला होता हे वाचकांस ठाऊक आहेच. समुद्रयान हे कलिवर्ज्यांत गणले गेले होते. परत आलेल्याने प्रायश्चित्त घ्यावे की नाही, त्याच्या पंक्तीस बसावे की नाही, यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरे दुभंगली. त्या वादातील दोन्ही पक्षांना गृहीत असलेली एक गोष्ट होती. परक्या भूमीचा प्रवाशावर काय परिणाम झाला, एवढाच प्रश्न विचारला जाई. त्याने काय खाल्ले, कोणाच्या हातचे पाणी प्याला, कोणता विटाळ अंगाला लावून आणला, याचा हिशेब होई. जयपूरचे महाराज सवाई माधोसिंग १९०२ साली राज्यारोहणाच्या समारंभास इंग्लंडला निघाले, तेव्हा गंगाजलाने भरलेले चांदीचे प्रचंड घडे त्यांनी बरोबर नेले. ते घडे आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहावयास मिळतात. त्या श्रद्धेचा उपहास करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्या घड्यांमागे जो प्रश्न होता तो सगळा प्रवाशाच्या शुद्धीचा होता. ज्या भूमीवर प्रवासी उतरला तिच्या शुद्धीचा नव्हता.

आज तो प्रश्न उलटा करून विचारला पाहिजे. परदेशाने आम्हांस काय लावले हे पुष्कळ झाले. आम्ही परदेशास, मित्राच्या घरास, त्या निर्जन डोंगरास काय लावून आलो? प्रायश्चित्ताचा खरा विषय हाच आहे.

हे आम्ही नव्या जगाकडून उसने आणून सांगत नाही. आपल्या परंपरेत शौचाची दोन अंगे होती. एक अंग मनुष्याचे रक्षण करणारे, आणि दुसरे भूमीचे व जलाचे रक्षण करणारे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकाचे नियम आहेत. मलमूत्रविसर्जन कोठे करू नये याची यादी तेथे दिली आहे. त्या यादीत नांगरलेले शेत आहे, पाणी आहे, नदीचा काठ आहे, आणि पर्वत व पर्वताचा माथाही आहे. आज पाश्चात्त्य देशांत डोंगरांत तळ ठोकणाऱ्यांना जे प्राथमिक नियम शिकवतात, त्यांत पाण्यापासून सुमारे ६० मीटर दूर जाऊन १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा खणावा व तो मातीने बुजवावा, असा नियम असतो. दोहोंमागील दृष्टी एकच आहे. आपण मात्र पहिले अंग सोवळ्याच्या रूपाने घट्ट धरून ठेवले आणि दुसरे सैल सोडले. ज्याला आपल्या ताटाला दुसऱ्याचा स्पर्श चालत नाही, त्यालाच घाटातल्या ओढ्यात आपले खरकटे टाकताना काही वाटत नाही, हा विरोध आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला आहे.

पाहुण्याच्या धर्माचे सर्वांत सुंदर उदाहरण आम्हांस रामायणाच्या अयोध्याकांडात दिसते. रामाला परत आणण्यासाठी भरत चतुरंग सेना घेऊन निघाला. वाटेत भरद्वाजांचा आश्रम लागला. भरताने सेना कोसभर अंतरावर थांबवली, शस्त्रे व राजवस्त्रे उतरवली आणि तो पुरोहितांना पुढे करून पायी आश्रमात गेला. सेना दूर का ठेवलीस, असे ऋषींनी विचारले. त्यावर भरताने जे उत्तर दिले त्याचा आशय असा की, सैनिकांकडून आश्रमातील झाडे, पाणी, जमीन आणि पर्णकुट्या यांना इजा होऊ नये, म्हणून मी एकटाच आलो. तो राजपुत्र होता. त्याला कोणी अडवले नसते. आश्रमाच्या झाडांनी तक्रार केली नसती. तरीही त्याने आपल्या बळाचा विस्तार ओळखला आणि तो दाराबाहेर ठेवला. याच्या उलट चित्र महाभारताच्या वनपर्वात आहे. वनात राहणाऱ्या पांडवांकडे दुर्वास दहा हजार शिष्यांसह आले. तेही दुर्योधनाच्या सांगण्यावरून, आणि द्रौपदीचे जेवण उरकल्यानंतरच्या वेळी. दोघेही पूज्यच. परंतु पहिल्याने यजमानाचे सामर्थ्य किती याचा विचार केला आणि दुसऱ्याच्या भेटीने यजमानाच्या घरावर संकट आले.

मित्राच्या घरी भरत व्हावयाचे की दुर्वास, हे आपल्या हाती असते. परदेशातील स्नेह्याच्या घरी घरकामाला माणूस नसतो. वर्षाकाठी मिळणाऱ्या मोजक्या रजेतून त्याने आपल्यासाठी दिवस काढलेले असतात. मुलांची खोली आपल्यासाठी रिकामी केलेली असते, आणि मुले दिवाणखान्यात जमिनीवर निजतात. हे कोणी बोलून दाखवत नाही. न बोलता सोसलेले कष्ट ओळखता येणे, ही पाहुण्याची पहिली परीक्षा होय. तिसऱ्या दिवशीही न हलणाऱ्या पाहुण्याच्या अकलेविषयी आपल्या लोकांनी म्हणच करून ठेवली आहे. ती म्हण कंजूषपणाची नाही. यजमानाच्या संकोचाला तिने शब्द दिले आहेत, कारण यजमान स्वतः ते कधी उच्चारणार नाही.

येथे एक शंका रास्तपणे येईल. पाहुण्याने यजमानाच्या सोयीसाठी आपले सर्वस्वच सोडावे काय? त्याचे अन्न, त्याची पूजा, त्याचा आचार हे सर्व दाराबाहेर ठेवून आत जावे काय? या शंकेचे उत्तर तर्कापेक्षा एका चरित्रातून अधिक चांगले मिळते. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या. न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांच्याशी त्यांचा स्नेह केवळ पत्रांतून जमला होता. त्यांच्याच घरी त्या प्रथम राहिल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी जाहीर केले होते. त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही, लुगडे सोडले नाही. पण त्यांचा आचार त्या घराला कधी जाच झाला नाही. श्रीमती कार्पेंटर त्यांच्या मावशी झाल्या. १८८६ साली आनंदीबाईंनी वैद्यकीची पदवी मिळवली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यानंतर त्यांच्या अस्थी त्या अमेरिकन मावशीकडे पाठवण्यात आल्या, आणि कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. निष्ठा आणि हट्ट यांतील भेद येथे स्पष्ट होतो. निष्ठावान मनुष्य आपल्या नियमाचे ओझे स्वतः वाहतो. हट्टी मनुष्य ते यजमानाच्या खांद्यावर ठेवतो. स्वतःचे जेवण स्वतः रांधून घेणारा आणि रांधल्यावर चूल स्वच्छ करून ठेवणारा पाहुणा आपला आचार पाळूनही कोणास जड होत नाही.

आता दुसऱ्या घराकडे, म्हणजे डोंगराकडे वळू. डोंगराला यजमान म्हणणे ही केवळ कविकल्पना आहे, असे कोणी म्हणेल. तेथे स्वागत करणारे कोणी नाही. रागावणारेही कोणी नाही. आमच्या मते म्हणूनच तेथे पाहुण्याचा धर्म अधिक कठीण होतो. मित्राच्या घरी निदान लाज आपल्याला आवरते. निर्जन स्थळी लाज वाटावी असे कोणी समोर नसते. कोणी पाहत नसताना मनुष्य जसा वागतो तेच त्याचे शील, हे नीतिशास्त्राचे जुने तत्त्व तेथे कसास लागते.

या बाबतीत नॉर्वे देशाची रीत विचार करण्याजोगी आहे. तेथे खुल्या प्रदेशात कोणासही हिंडण्याचा हक्क पूर्वापार आहे, मग ती जमीन कोणाच्या का मालकीची असेना. १९५७ साली त्यांनी या रूढीचा कायदा केला. कायद्यान्वये वाटसरू तंबू ठोकू शकतो, परंतु राहत्या घरापासून निदान १५० मीटर अंतरावर. एकाच जागी दोन दिवसांहून अधिक राहावयाचे तर मालकाची संमती घ्यावी लागते. उंच पर्वतांत व वस्तीपासून फार दूर मात्र ही अट सैल होते. पंधरा एप्रिलपासून पंधरा सप्टेंबरपर्यंत अरण्यात व अरण्यालगत विस्तव पेटवण्यास मनाई आहे. कोसभर दूर थांबलेला भरत या कायद्याचा मसुदा वाचून संतुष्ट झाला असता. हक्क आणि मर्यादा यांची येथे फारकत केलेली नाही. तुला येण्याचा हक्क आहे, कारण कसे यावे हे तू जाणतोस, असे जणू ती भूमी म्हणते.

त्याच देशात १८६८ साली स्थापन झालेल्या पर्यटन मंडळाने डोंगरांत अनेक झोपड्या बांधल्या आहेत. त्यांतील पुष्कळ झोपड्यांवर राखणदार नसतो. आत सरपण असते, डबाबंद अन्न असते. वाटसरू कुलूप उघडून आत जातो, हवे ते रांधून खातो, काय घेतले ते लिहून ठेवतो आणि त्याची किंमत चुकती करतो. निघताना भांडी धुऊन, जमीन झाडून, पुढच्यासाठी सरपण फोडून ठेवतो. हे ऐकून आपल्या लोकांना नवल वाटते. वास्तविक वाटू नये. मोटाररस्ते होण्यापूर्वी बदरीकेदारच्या वाटेवर ज्या चट्ट्या होत्या, तेथे यात्रेकरू दुकानदाराकडून पीठ-डाळ विकत घेई, आणि राहावयास जागा व रांधावयास भांडी त्याला विनामूल्य मिळत. बाबा काली कमलीवाले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच वाटेवर धर्मशाळा व सदावर्ते उभारली. विश्वासावर चालणारा पाहुणचार आपल्या हिमालयात होताच.

त्या वाटेने पायी गेलेल्यांपैकी एका थोर प्रवाशाचे वडोदऱ्याशी जवळचे नाते आहे. काकासाहेब कालेलकर यांचे घराणे सावंतवाडीजवळच्या कालेली गावचे, जन्म १८८५ साली साताऱ्याचा, आणि कीर्ती गुजराती साहित्यातली. वडोदऱ्याच्या गंगनाथ विद्यालयात ते शिक्षक होते. त्या विद्यालयात शिक्षकांना घरच्या नात्यांनी हाक मारीत. ‘काका’ हे नाव त्यांना तेथेच मिळाले. सरकारच्या रोषामुळे १९१२ साली विद्यालय बंद पडले आणि काकासाहेब हिमालयाच्या वाटेस लागले. या प्रवासावरील त्यांचे पुस्तक मराठी व गुजराती दोन्ही वाचकांच्या परिचयाचे आहे. जवळ द्रव्य नाही, निवास निश्चित नाही, अशा स्थितीत हिंडणाऱ्याला डोंगर आपल्या मालकीचा वाटूच शकत नाही. मालकीची भावना सामान जसजसे वाढते तसतशी वाढत असावी. आजचा तळ ठोकणारा प्रवासी चूल, दिवा, खाट, गाण्याचे यंत्र असे सर्व घरच पाठीवर नेतो, आणि मग डोंगरात जाऊनही तो आपल्याच घरी राहतो.

डोंगरात आणखी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्यासारख्या देवदेवतांच्या उपासकांना अधिक जवळचा आहे. एका समाजाला जो डोंगर देवता वाटतो, तो दुसऱ्याला केवळ खडक वाटत असेल, तर पाहुण्याने कोणाचे मानावे? १९५५ साली ब्रिटिश गिर्यारोहकांनी ८,५८६ मीटर उंचीचे कांचनजुंगा प्रथम सर केले, असे आपण म्हणतो. वस्तुतः जॉर्ज बँड व जो ब्राउन हे २५ मे रोजी माथ्याच्या अगदी जवळ, थोड्या फुटांवर थांबले. सिक्कीमच्या लोकांना ते शिखर पूज्य असल्याने माथ्यावर पाय न ठेवण्याचे वचन मोहिमेने दिले होते. १९७७ साली कर्नल नरेंद्रकुमार यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या भारतीय सैन्याच्या तुकडीनेही तीच मर्यादा पाळली. त्या थोड्या फुटांनी त्यांच्या पराक्रमात काय उणे झाले? आमच्या मते त्या फुटांनीच त्या पराक्रमाला उंची दिली.

याच्या शेजारी दुसरी हकीकत ठेवावीशी वाटते. नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस हे गांधीजींच्या विचारांचे अभ्यासक होते आणि स्वतः नामांकित गिर्यारोहकही होते. १९७१ साली ते दोन सोबत्यांसह नेपाळातील रोलवालिंग खोऱ्यात गेले. तेथील बेडिंग गावच्या शेर्पांना गौरीशंकराचे शिखर त्सेरिंगमा या नावाने पूज्य आहे. त्या शिखरावर कोणी चढू नये, असे गावकऱ्यांचे मत पडले. नेस यांनी त्यांची मागणी काठमांडूच्या सरकारपर्यंत पोचवण्यास मदत केली. माथ्यापर्यंत न जाण्याचे ठरवूनच ते पर्वताजवळ गेले होते. त्यांच्या प्रयत्नास यश आले नाही. १९७९ साली त्या शिखरावर माणसाचे पाऊल पडले. ज्याची श्रद्धा आपली नाही, त्याच्या श्रद्धेसाठी आपला आनंद एक पाऊल अलीकडे थांबवणे, ही पाहुणेपणाची परिसीमा होय. आपल्या देवळाच्या गाभाऱ्याबाबत परक्याने जी मर्यादा पाळावी असे आपल्याला वाटते, तीच आपण परक्यांच्या डोंगरावर पाळली पाहिजे. ऑस्ट्रेलियातील उलुरू या महाशिलेवर तिथल्या आदिवासींच्या इच्छेस मान देऊन २०१९ पासून चढण्यास बंदी आहे. तिकडे मित्राबरोबर गेलेल्या आपल्या माणसाने पायथ्याशी उभे राहून हात जोडले तर तो तेथील धर्म पाळील आणि आपलाही.

हात जोडताना मात्र एक सावधगिरी हवी. भक्तीनेही उपद्रव होतो. अमेरिकेच्या पर्वतांत अन्न अस्वलाला उघडता न येणाऱ्या पेट्यांत ठेवण्याची सक्ती पुष्कळ ठिकाणी असते. याचे कारण ऐकण्याजोगे आहे. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल माणसांचे भय सोडते, वस्तीत शिरते, आणि शेवटी बहुधा त्याला ठार करावे लागते. एखादा भाविक पहाटे उगवत्या सूर्याला नैवेद्य दाखवून तो खडकावर तसाच ठेवील, तर त्याच्या मनातील भाव शुद्ध असूनही त्या जनावराच्या मृत्यूला तो कारण होईल. नैवेद्य दाखवून तो आपणच प्रसाद म्हणून ग्रहण करावा आणि द्रोणही परत न्यावा, हे आपल्या शास्त्रालाही धरूनच आहे. आपल्या देशातही हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. हिमालयातील बुग्याळांवर, म्हणजे उंचावरील गवताळ कुरणांवर, रात्रीचा मुक्काम करण्यास उत्तराखंडाच्या उच्च न्यायालयाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये मनाई केली. जे पाहुण्यांनी स्वतः ओळखावयाचे, ते न्यायाधीशांना सांगावे लागले.

येथवर आम्ही पाहुण्याने काय करू नये हे सांगितले. परंतु निषेधांची यादी म्हणजे धर्म नव्हे. पाहुण्याने काही घ्यावयाचेही असते. कठोपनिषदातील नचिकेता यमाच्या घरी पाहुणा होता. यजमान घरी नव्हता; त्याने तीन रात्री उपाशी वाट पाहिली. यमाने तीन वर दिले. पहिल्या वराने त्याने मागे घरी असलेल्या पित्याचे समाधान मागितले. पुढे यमाने गाई, सोने, दीर्घायुष्य पुढे केले, ते त्याने नाकारले आणि ज्ञान मागितले. परक्या घरून काय आणावे याचा इतका चांगला आदर्श दुसरा नाही. वडोदऱ्याच्या इतिहासातही याचे एक उदाहरण आहे. श्रीमंत सयाजीराव महाराज १८८७ साली प्रथम युरोपास गेले आणि पुढे अनेकदा गेले. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून त्यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास वडोदऱ्यास बोलावले, आणि गावोगाव ग्रंथालये पोचवणारी व्यवस्था आपल्या राज्यात उभी केली. महाराजांनी परदेशातून वस्तू आणल्या नाहीत असे नाही. पण लोकांच्या स्मरणात राहिली ती ग्रंथालये.

आता शेवटचा आणि आमच्या मते मुख्य प्रश्न. पाहुणचाराचे ऋण फेडावयाचे कोणाला? खाणावळीत पैसे मोजले की व्यवहार संपतो. मित्राच्या घरी व डोंगरात तो संपत नाही. आपण नेलेली मिठाई आणि साडी हे त्या ऋणाचे मोल नव्हे. डोंगराला तर काहीच देता येत नाही. शतपथ ब्राह्मणाने देव, ऋषी व पितर या तीन ऋणांच्या जोडीला मनुष्यऋण असे चौथे ऋण सांगितले आहे, आणि माणसांना निवारा व अन्न दिल्याने ते फिटते असे म्हटले आहे. त्यात ज्याच्याकडून घेतले त्यालाच परत द्यावे, असे बंधन घातलेले नाही. हे ऋण माणसांकडून घ्यावयाचे आणि माणसांना फेडावयाचे आहे. ज्या मित्राच्या घरी आपण राहिलो, तो कदाचित आपल्या घरी कधीच येणार नाही. दुसरा कोणी येईल.

हा विचार गोमंतकाशी नाते सांगणाऱ्या वाचकांना नवा नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेच्या छळामुळे आपली दैवतेच घर सोडून निघाली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास आली. अंत्रूज महालातील गावांनी त्यांना आसरा दिला, आणि पाहुणे म्हणून आलेले देव तेथलेच झाले. आज त्या देवळांभोवतीच्या अग्रशाळांत दूरदूरचे कुळावी उतरतात, तेव्हा त्या जुन्या आसऱ्याचे ऋण थोडे थोडे फिटत असते. कोंकणीत पाहुण्याला ‘सोयरो’ म्हणतात, आणि मराठीत सोयरा म्हणजे नातलग. ज्या समाजाने पाहुण्याला आणि नातलगाला एकच शब्द ठेवला, त्याला या ऋणाचे मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी.

ते ऋण फेडण्याची जागा दूर नाही. आमच्या वाघोडिया तालुक्यात लिमड्याच्या पारुल विद्यापीठात अनेक देशांचे विद्यार्थी शिकतात. औद्योगिक वसाहतीत परप्रांतांतून आलेले कामगार राबतात. त्यांच्यापैकी कितीजणांना इथल्या घराचा उंबरठा आतून ठाऊक आहे? ज्या गृहस्थाला परदेशात मित्राच्या मुलांनी आपली खोली दिली, त्याने दिवाळीत अशा एखाद्या मुलाला पानावर बसवले, तर परदेशगमनाचे याहून चांगले प्रायश्चित्त कोणते? भाड्याने खोली देताना जातपात, देश आणि वर्ण विचारणाऱ्याने परदेशात आपल्याला कोणी काय विचारले होते याची आठवण ठेवावी.

डोंगराचे ऋणही येथेच फेडावयाचे आहे. वाघोडियाच्या ईशान्येस पावागड उभा आहे. माथ्यावर कालिकामाता, अंगाखांद्यावर चांपानेरचे अवशेष. २००४ पासून हा सर्व परिसर जागतिक वारसा मानला गेला आहे. नवरात्रात तेथे लक्षावधी यात्रेकरू चढतात. नॉर्वेच्या किंवा न्यूझीलंडच्या पर्वतावरून गोळीचा कागदही खिशात घालून परत आणणारे आपले बंधू याच गडाच्या पायऱ्यांवर रिकाम्या बाटल्या टाकून येतात. तिकडे दंडाचे भय असते, आणि इकडे देवी आपलीच आहे, ती रागावणार नाही, असा विश्वास असतो. पण घर आपले असले तरी देवीच्या घरी आपण पाहुणेच असतो. शिवाय याच गडावर विश्वामित्री उगम पावते आणि वडोदऱ्याच्या मध्यातून वाहते. २०२४ च्या ऑगस्टअखेर तिच्या पुराने शहराचा मोठा भाग बुडवला. उगमावर जे टाकावे ते पाण्याबरोबर उंबरठ्यापर्यंत येते. ज्याला आपण दूरचा डोंगर म्हणतो, तो पाण्याच्या हिशेबाने कधीच दूर नसतो.

परदेशातून परतलेल्या माणसाला पूर्वी ब्रह्मवृंद प्रश्न विचारीत. ती प्रथा गेली हे चांगले झाले. परंतु काही प्रश्न त्याने स्वतःला विचारावेत. आपण निघाल्यावर मित्राच्या घरी आपल्या परत येण्याची इच्छा उरली की सुटकेचा निःश्वास? आपल्या तंबूची जागा दुसऱ्या दिवशी येणाऱ्या अनोळखी माणसाला ओळखू आली असती काय? आणि त्या प्रवासानंतर आपल्या दारात येणाऱ्या परक्यासाठी आपले दार पूर्वीपेक्षा बोटभर तरी अधिक उघडले काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दूरदेशी राहिली. तिसऱ्याचे उत्तर ज्याचे त्याने आपल्या उंबरठ्यावर द्यावयाचे आहे.